पात्र पाहुणं, गोष्ट घरची: छोट्या थीम पार्कात दोघांचा मेळ कसा घालायचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता हायवेला लागून छोटे पार्क दिसतात. कुठे कृषी पर्यटन केंद्राला जोडून, कुठे हॉटेलच्या मागच्या दोन एकरांत, कुठे लग्नाच्या लॉनचा कोपरा मुलांसाठी सोडलेला. मी पूर्वी गणेश मंडळांचे हलते देखावे करत असे, आता अशा पार्कांची मांडणी करतो. मला फोन येतो तो बहुतेक वेळा उशिरा. टीव्हीवरच्या पात्रांचे फायबरचे पुतळे टेम्पोतून उतरलेले असतात, पाळणे बसलेले असतात, शेजारी बैलगाडी आणि मोट उभी असते, आणि मालक विचारतात, "भाऊ, आता याला थीम काय देऊ?"

तोवर क्रम उलटा झालेला असतो. आधी पुतळा, मग राइड, मग गोष्ट. हवा तो क्रम असा: जागा आणि येणारी माणसं, गोष्ट, पात्राचं काम, हक्क, आराखडा, चाचणी आणि मग बांधकाम. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. चौथा टप्पा पुरा होईपर्यंत मूर्तिकाराला किंवा फॅब्रिकेटरला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

## टप्पा 1: आधी वही, मग विटा

एक वही घ्या आणि पार्कात कोण, कधी येणार ते महिन्यागणिक लिहा. आपल्याकडे हिवाळ्यात शाळांच्या सहली, वर्षभर रविवारची कुटुंबं, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला माहेरी आलेल्या लेकी व त्यांची मुलं. या तिघांची गरज वेगळी. सहलीची मुलं एकदम दीडशे येतात आणि दोन तासांत निघतात. रविवारच्या कुटुंबात आजी असते, तिला बसायला सावली लागते. आखाजीला पारा 43-44 वर असतो. सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत उघड्यावरच्या राइडवर कोणी बसत नाही, पत्र्याची सीट हात लावू देत नाही. म्हणजे उन्हाळ्याचं आकर्षण संध्याकाळचं हवं आणि त्याची भिस्त रंगकामावर न ठेवता दिवे आणि आवाजावर हवी.

मग गर्दीचं गणित करा. समजा वीस मुलांची मिनी ट्रेन आहे, फेरी सहा मिनिटांची आणि चढ-उतार तीन मिनिटांची. तासाला सहा फेऱ्या, म्हणजे साधारण 120 मुलं. तीन बस आल्या की शेवटचं मूल तासाहून जास्त वेळ रांगेत उभं राहणार. हा आकडा आधी कळला तर रांगेतच गोष्ट सुरू करता येते. नंतर कळला तर लोखंडी पाइपांमध्ये उभी रडणारी मुलं दिसतात.

शेवटी तीन याद्या. पहिलीत तुमच्या दहा-पंधरा कोसांतच सापडेल असं काय आहे ते. दुसरीत मुलांना आधीपासून माहीत असलेली पात्रं. तिसरीत गावातली आजी न वाचता सांगू शकेल अशा गोष्टी. तिसरी यादी स्वतः जाऊन भरा. फोनवर ती भरत नाही.

तपासा: पहिल्या यादीत "शेती, संस्कृती, निसर्ग" असे शब्द आले असतील तर ती खोडा. "सावद्याच्या स्टेशनात केळी भरताना होणारी धावपळ", "सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची चाल बघून होणारा सौदा", "फरकांड्याचा झुलता मनोरा", "उनपदेवचं गरम पाणी" अशा डोळ्यांसमोर येणाऱ्या नोंदी हव्यात.

## टप्पा 2: थीम एका वाक्यात, आणि त्या वाक्यात क्रियापद

"खान्देश दर्शन" ही थीम होत नाही, ती फलकावरची ओळ आहे. थीम म्हणजे येणाऱ्याने इथे काय करायचं ते. "बागेतला केळीचा घड तुम्ही स्टेशनवर वेळेत पोहोचवता" ही थीम झाली. "यात्रेतून तुमचा घोडा निवडून घरी आणता" हीसुद्धा. पाटणादेवीच्या परिसराशी भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे. तिथल्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. चाळीसगावकडच्या पार्कात "कोडं सोडवाल तर दार उघडेल" अशी अख्खी वाट यातून उभी राहू शकते.

घरच्या थीमचे पार्क ओस पडतात याचं कारण मुलांना बैलगाडी आवडत नाही हे नाही. सिमेंटचा शेतकरी, सिमेंटचा बैल आणि शेजारी माहितीचा फलक, यात मुलाला करायला काही नसतं. त्याला घड उचलू द्या, फण्या मोजू द्या, गाडी सुटण्याची शिट्टी वाजवू द्या. मग ते टीव्हीवरच्या पात्राची आठवणही काढत नाही.

या टप्प्यावर तीन चुका सतत दिसतात.

पहिली, भिंतीवर वारली चित्रं. ती कला पालघर भागातल्या वारली समाजाची. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा गावांत होळीला मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि ढोल असतात. काठीच्या होळीला रात्रभर हे पाहायला मिळतं. आपल्या दारचं सोडून दुसऱ्याच्या दारचं रंगवलं तर थीम पहिल्याच भिंतीवर खोटी ठरते. मात्र तो वेश फायबरमध्ये ओतण्याआधी त्या गावातल्या जाणत्यांना विचारा, आणि नाच दाखवायचा असेल तर मानधन देऊन त्यांनाच बोलवा.

दुसरी, सगळ्या खान्देशला एकच बोली. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव इथे अहिराणी. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली. शहाद्याकडे गुजरी, अक्कलकुवा-धडगावात भिली आणि पावरी. फैजपूरजवळच्या पार्कात शिरताच "आठे काय शे?" असं ऐकू आलं तर तिथल्या आजीला ते आपलं वाटत नाही.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. एका पार्कात मी राइडच्या तोंडाशी कानबाई उभी केली, नथ घातलेली, सजवलेली, छान. पहिल्याच रविवारी बाया चपला काढून हात जोडायला लागल्या, कोणी हळद-कुंकू वाहिलं, रांग थांबली. बरोबर तर त्याच होत्या. श्रावणात जिची स्थापना होते, जिच्यासाठी रोट होतात, ती देवी आहे. तिला मी पात्र केलं होतं. दुसऱ्याच दिवशी सन्मानाने काढून घेतली. देव, संत आणि हुतात्मे यांना राइडमध्ये बसवू नका. आखाजीचा झोका घ्या, कानबाईच्या रोटाची लगबग घ्या. मूर्ती देवघरात असू द्या.

## टप्पा 3: पात्र निवडण्याआधी त्याचं काम ठरवा

प्रसिद्ध पात्राचा उपयोग नक्की आहे. धडगावहून आलेलं लाजरं मूल आणि जळगावच्या कॉलनीतलं मूल, दोघांची बोली वेगळी असली तरी टीव्हीवरचा लाडका दोघांचा एकच असतो. गेटवर तो दिसला की दोघंही पाऊल पुढे टाकतात. प्रश्न फक्त त्याला किती आतपर्यंत घ्यायचं हा.

मी पात्राला तीनपैकी एकच काम देतो. बोलावणारा: गेट, पोस्टर, फोटोची जागा. वाट दाखवणारा: राइडमध्ये भेटतो, "आता डावीकडे बघा" म्हणतो, पण गोष्ट त्याची नसते. नायक: गोष्टच त्याची, तो नसेल तर राइड नाही. छोट्या पार्कात पाहुण्याला, म्हणजे बाहेरून आणलेल्या प्रसिद्ध पात्राला, पहिलं काम द्या, फार तर दुसरं. तिसरं काम घरच्या पात्रालाच.

मोठ्या पार्कांनी हेच प्रश्न मोठ्या पैशांत सोडवले आहेत. डिस्नेलँडमधली समुद्री चाच्यांची बोटीची राइड 1967 मध्ये आली तेव्हा ती कुठल्याच चित्रपटावरची नव्हती. तिच्यावरून चित्रपट निघाला 2003 मध्ये, आणि 2006 मध्ये त्यातला नायक जॅक स्पॅरो परत राइडमध्ये आणून बसवला. चार दशकं ती गोष्ट स्वतःच्या पायावर उभी होती, म्हणून पाहुणा आला तरी घर मोडलं नाही. उलट उदाहरण फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कातल्या नॉर्वे दालनाचं. तिथली 1988 ची बोटीची राइड 2014 मध्ये बंद झाली आणि 2016 मध्ये त्याच पाण्याच्या वाटेवर 'फ्रोझन' या कार्टून चित्रपटाची राइड सुरू झाली. रांगा वाढल्या, मुलं खूश झाली. पण खऱ्या देशाच्या दालनात काल्पनिक राज्य येऊन बसलं आणि नॉर्वे मागे सरकला. आपल्याकडे हीच गोष्ट तापीच्या काठावर होऊ शकते.

पाहुण्यालाच घर देऊनही पार्क उत्तम चालतो. युनिव्हर्सलने ऑर्लँडोत 2010 मध्ये हॅरी पॉटरची अख्खी वस्ती उभारली, तिथे दुसरं काही डोळ्याला पडत नाही. त्यामागे लागणारा पैसा आणि लांबलचक करार आपल्या आवाक्यातला नाही. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग 1952 पासून परीकथांच्या जंगलावर उभं आहे, आणि परीकथा कोणा एका कंपनीच्या नसतात. जवळचं बघायचं तर 2013 मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकात दोन्ही शेजारी सापडतात: छोटा भीमची राइड आहे, आणि भारतात सापडलेल्या राजासॉरस डायनासोरवर बेतलेली पाण्याची राइडही. पुढच्या वेळी गेलात तर दोन्हीत बसा आणि बाहेर आल्यावर मुलांना दोन्हींची गोष्ट विचारा. ऐकण्यासारखं असतं.

तपासा: "पात्र ___ करतं म्हणून आमच्या गोष्टीत ते हवं" हे वाक्य पूर्ण करा. रिकाम्या जागी "गर्दी" आलं तर काम पहिलं, गेटवरचं. त्याला आत नेऊ नका.

## टप्पा 4: हक्क, आणि हा टप्पा घाईत करू नका

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून इथे सावकाश चालू.

पात्राचं चित्र कॉपीराइट कायदा, 1957 खाली येतं. नाव आणि चिन्ह बहुधा ट्रेड मार्क्स कायदा, 1999 खाली नोंदलेलं असतं. परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. "एवढ्या लांब कोण येतं बघायला?" असं म्हणतात. बघायला कोणी येत नाही. तुमच्याच पार्कात काढलेले फोटो तिथपर्यंत पोहोचतात. एका मालकांना नोटीस आली तेव्हा मी तिथे होतो. पुतळे काढणं सोपं होतं. पण पात्राचं नाव तिकिटावर, गेटवर, पोरांच्या टी-शर्टवर, शाळांना वाटलेल्या पत्रकांवर होतं आणि राइडचं वेगळं नावच नव्हतं. भर सहलीच्या हंगामात पार्क बिननावाचा झाला.

आधी हे गैरसमज काढा:

- "पुतळेवाल्याने बिल दिलं आहे." ते फायबरचं बिल आहे. पात्राचा हक्क त्याच्याकडे नव्हताच.
- "रंग बदलला, शेपूट लांब केली." बघणाऱ्याला तेच पात्र वाटत असेल तर बदल उपयोगाचा नाही.
- "यात्रेत हवेच्या फुग्याच्या घसरगुंडीला सगळे मिकी माऊसच म्हणतात." लोक म्हणोत. तुम्ही फलकावर लिहू नका. मिकी आता मोकळा झाला, हे अर्धवट ऐकलेलं असतं. अमेरिकेत 2024 पासून मोकळं झालं ते 1928 च्या चित्रपटातलं जुनं रूप. आज मुलं ओळखतात ते रूप आणि ट्रेडमार्क कंपनीकडेच आहेत.
- "चॅनेलवाल्यांना विचारलं." दाखवणारा आणि मालक वेगळे असू शकतात. छोटा भीम मुलं चॅनेलवर बघतात, पण पात्र हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचं.
- "गाणं तर सगळीकडे वाजतं." पुतळ्याच्या परवान्यात गाणं येत नाही. जाहीर ठिकाणी गाणी वाजवायला वेगळी परवानगी लागते.

परवाना घ्यायचाच असेल तर कंपनीच्या लायसन्सिंग विभागाला पत्र लिहा. पत्रात जागेचा आकार, राइडचं वर्णन, अपेक्षित गर्दी आणि पात्राचं काम कोणतं हे स्पष्ट लिहा. खेळणी, दप्तरं यांचा परवाना वेगळा आणि राइड किंवा पार्कातल्या वापराचा वेगळा असतो. दप्तराच्या परवान्यावर राइड बांधता येत नाही.

करार हातात आला की वकिलाकडे जाण्याआधी स्वतः ही उत्तरं शोधा.

मुदत किती? करारात लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. कायद्यावर सोडू नका, दोन्ही लिहून घ्या.

प्रदेश आणि मक्तेदारी कोणाची? ही ओळ पुढे कुठे नेते ते बघा: युनिव्हर्सलने ऑर्लँडोतल्या पार्कासाठी मार्व्हल या सुपरहिरोंच्या कंपनीच्या पात्रांचे हक्क आधीच घेतले होते. डिस्नेने 2009 मध्ये मार्व्हल कंपनीच विकत घेतली, तरी त्या जुन्या करारामुळे ऑर्लँडोतल्या आपल्याच पार्कात 'मार्व्हल' हे नाव लावायला डिस्नेला मुभा नाही. तीसेक वर्षांपूर्वीच्या कागदाची ही ताकद. तुमच्या करारात तुमच्यापासून किती किलोमीटरच्या आत दुसऱ्याला हेच पात्र देणार नाहीत, ते लिहून मागा.

पैसे कशावर? बहुतेक करारांत किमान हमी रक्कम असते, ती गर्दी होवो न होवो द्यावी लागते. वर विक्रीवर टक्केवारी. इथे खान्देशातल्या पार्कांची एक खास अडचण आहे. आपलं तिकीट जेवणासह असतं: भरीत-पुरी किंवा शेवभाजी, चहा, बैलगाडी आणि राइड मिळून एक रक्कम. करारात नुसतं "तिकीट विक्रीवर" लिहिलं असेल तर वांग्याच्या भरतावरही तुम्ही टक्केवारी भराल. राइडचं तिकीट वेगळं करा, किंवा एकत्र तिकिटातला राइडचा वाटा रुपयांत लिहून घ्या.

मंजुरी कशाकशाला? पात्राचे रंग, उंचीचं प्रमाण, त्याने काय करू नये, याची पुस्तिका कंपनी देते. त्याला अहिराणी बोलायला लावायचं असेल तर तेही मंजूर करून घ्यावं लागतं. प्रत्येक मंजुरीला वेळ लागतो, म्हणून उद्घाटनाची तारीख मंजुरी आल्यावरच ठरवा.

घरच्या पात्राचेही कागद करा. ते ज्या चित्रकाराने काढलं, मूर्तिकाराने घडवलं, ज्याने संवाद लिहिले आणि आवाज दिला, त्या प्रत्येकाकडून हक्कांचं लेखी हस्तांतरण घ्या, मोबदला लिहून. ओळखीचा पोरगा आहे म्हणून तोंडी ठेवू नका. तोंडी व्यवहारातून पुढे त्याचंही नुकसान होतं आणि तुमचंही. नाव देताना ट्रेडमार्कच्या नोंदींत शोध घेऊन मगच द्या.

लोककथा, ओव्या, आखाजीची गाणी कोणा एकाच्या मालकीची नसतात. ध्वनिमुद्रण मात्र ज्याने केलं त्याचं असतं. म्हणून कॅसेटवरून उचलू नका, गावातल्या बायांकडून नव्याने गाऊन घ्या आणि मानधन द्या. जळगावकडे हमखास निघणारा प्रश्न बहिणाबाई चौधरींच्या ओळींचा. त्यांचं निधन 1951 सालचं, कविता पुस्तकात आल्या 1952 मध्ये. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, ती 2012 अखेर संपली. ओळी लावा, पण त्यांचं नाव लिहून आणि एक मात्राही न बदलता. चाल लावलेली ध्वनिफीत मात्र वेगळी, तिचे हक्क वेगळे.

सावध: सहीचा करार हातात येईपर्यंत पात्राच्या नावाने शाळांना पत्रकं वाटू नका. "बोलणी चालू आहेत" हा परवाना नव्हे.

## टप्पा 5: सांगाडा घरचा, पाहुणा नट-बोल्टवर

आता राइडची गोष्ट पाच दृश्यांत लिहा. रावेर तालुक्यातल्या पार्कासाठी केलेला मिनी ट्रेनचा हा सांगाडा देतो, त्यावरून पद्धत कळेल.

रांगेत: पॅकिंगची शेड. मुलांना खऱ्या वजनाचा घड उचलून बघता येतो, फण्या मोजाव्या लागतात. दृश्य एक: पहाटेची बाग, ठिबकच्या थेंबांचा आवाज, कमळ (केळफूल) बाजूला करून डोकावणारी खार. ही खार घरची नायिका, घड स्टेशनवर पोहोचवायचं काम तिने अंगावर घेतलं आहे. दृश्य दोन: वादळ. पानं फाटतात, पंख्याचा वारा अंगावर येतो, खार मुलांना मान खाली घालायला सांगते. दृश्य तीन: घड कापला, खांद्यावर निघाला. दृश्य चार: रस्त्यात ट्रॅक्टर अडकला, मुलांनी दोर ओढायचा. दृश्य पाच: स्टेशन, गार्डची शिट्टी, गाडी सुटते.

यात पाहुणं पात्र येतं दृश्य चारमध्ये, दोर ओढायला. मुलं आनंदाने ओरडतात, ते हात देतं आणि मागे राहतं. एवढंच. दोर ओढणारे हात कोणाचेही असले तरी गोष्ट पुढे जाते.

बागेबद्दल एक गोष्ट. खरी झाडं लावाल तर ती कापली जाणार, घड वर्षभर दिसत राहणार नाही. एका बाजूला मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), दुसऱ्या बाजूला कांदेबाग (पावसाळा संपतानाची लागवड) लावा, म्हणजे सहलीच्या हंगामात आणि आखाजीला, दोन्ही वेळी कुठे ना कुठे घड लटकलेला मिळेल. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ हवीच, एरवी उन्हाळ्यात नुसत्या चिंध्या दिसतात.

बांधकामात हे पाळा. पाहुण्याचा पुतळा जमिनीत गाडू नका, प्लेट आणि नट-बोल्टवर उभा करा. त्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, त्याचे दिवे वेगळ्या स्विचवर. त्याचं नाव राइडच्या नावात नको; राइड "खारूताईची केळगाडी", पाहुण्याची पाटी खाली, काढता येईल अशी. भिंतीवर त्याचं चित्र थेट रंगवू नका, पॅनेलवर रंगवून पॅनेल टांगा. करार तीन वर्षांचा असेल तर फक्त त्याच्यासाठी केलेला खर्च तीन वर्षांत फिटला पाहिजे. रूळ, शेड, गाडी यांचा खर्च घरच्या गोष्टीच्या नावावर टाका.

सावध: लाडकं पात्र दिसलं की मुलं गाडीतून हात बाहेर काढतात. साध्या झाडाला ती हात लावायला जात नाहीत, पण या पात्राला जातातच. त्यामुळे पुतळा मोठ्या मुलाचा हात पूर्ण ताणूनही पोहोचणार नाही इतका लांब हवा. गाडीत सर्वांत उंच मुलाला बसवून, हातात काठी देऊन फेरी मारा. काठी कुठेही टेकता कामा नये. पुतळा आत सरकवायला जागा नसेल तर पुतळा रद्द करा.

## टप्पा 6: मांडणी

एका नजरेत दोन जगं दिसू देऊ नका. केळीच्या बागेतून जाणाऱ्या मुलाला मागे गेटवरचा भडक पुतळा दिसला की बाग नाहीशी होते. मध्ये बांबूची झाडी, मातीचा उंचवटा किंवा वळण हवं. आवाजाचंही तसंच: दोन स्पीकर एकमेकांवर येत असतील तर एक बंद.

फायबरचा रंग आपल्या उन्हात लवकर उडतो. परवान्याच्या पात्राचा रंग फिका पडलेला कंपनीला चालत नाही, म्हणून त्याला सावलीची जागा द्या आणि दरवर्षी रंग लावण्याचा खर्च धरा.

## टप्पा 7: चादरीची चाचणी

बांधकामाआधी प्लायवूड आणि फ्लेक्सवर पाचही दृश्यं खऱ्या जागेवर, खऱ्या अंतरावर उभी करा. आवाज मोबाइलवरून चालतो. गाडी नसेल तर मुलांना चालत न्या. गावातली दहा-बारा मुलं बोलवा, त्यांच्या आयांना विचारून.

पहिल्या गटाला सगळं दाखवा. दुसऱ्या गटाच्या वेळी पाहुण्या पात्रावर चादर टाका. बाहेर आल्यावर दोन्ही गटांना एकच प्रश्न: "काय झालं, सांगा बरं?" बाकी काही सुचवू नका, ऐका आणि लिहून घ्या.

चादरीच्या गटाने घड, वादळ, ट्रॅक्टर, स्टेशन हे क्रमाने सांगितलं तर सांगाडा पक्का. "काही नाही, गाडीत बसलो" असं आलं तर गोष्ट पात्राच्या आधाराने उभी आहे. टप्पा 5 कडे परत जा. पहिल्या गटाने फक्त पात्राचंच नाव घेतलं तर ते फार मोठं किंवा फार लवकर आलं आहे. त्याला शेवटाकडे सरकवा किंवा लहान करा.

सोबतच्या आजीलाही एक प्रश्न विचारा: "यात खोटं काय वाटलं?" एका आजीने मला सांगितलं होतं, घड उलटा टांगला आहे. खरंच, मूर्तिकाराने फण्यांची टोकं खाली केली होती.

राइडची यंत्रं, वीज, आग यांची तपासणी आणि परवानग्या या चाचणीहून वेगळ्या आणि सक्तीच्या. त्या जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्या.

## टप्पा 8: उघडल्यावर

गेटवर नोंदवही ठेवा. बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या कुटुंबाला विचारा: कशासाठी आलात, आणि सगळ्यात जास्त काय आवडलं? "कशासाठी" च्या रकान्यात पाहुणा आणि "आवडलं" च्या रकान्यात खार येत असेल तर मेळ बसला आहे. दोन्हीकडे पाहुणाच येत असेल तर पुढच्या हंगामाआधी खारीचं एक दृश्य वाढवा. दोन्हीकडे खार येऊ लागली तर पुढच्या वेळी किमान हमीची रक्कम कमी करून मागायला तुमच्या हातात कागद आहे.

खारीचं बाहुलं, वही, टोपी विकायला ठेवा. त्यावर टक्केवारी कोणाला द्यायची नाही.

करार संपण्याच्या एक वर्ष आधीची तारीख कॅलेंडरवर लाल करा. त्या दिवशी तीनपैकी एक ठरवा: मुदत वाढवणं, दुसरा पाहुणा आणणं, किंवा दृश्य चारमध्ये ट्रॅक्टरवाल्या आबांना उभं करणं. शेवटच्या महिन्यात ठरवायला बसलात तर कंपनी सांगेल ती रक्कम द्यावी लागते. उरलेली खेळणी विकून संपवायची मुदत करारातच घेऊन ठेवा. मुदत संपली की पुतळा गोदामात झाकून ठेवू नका, पुढच्या यात्रेत कोणाला विकूही नका. करारात लिहिल्याप्रमाणे मोडा, फोटो काढा, कंपनीला पाठवा आणि पोच घ्या. मोकळ्या झालेल्या प्लेटवर त्याच बोल्टांनी आबांचा पुतळा बसतो, एका रात्रीचं काम आहे. सकाळची पहिली फेरी चुकत नाही.